लास वेगस, बॅचलर पार्टी आणि स्ट्रिप क्लब: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी काय ठरवून ठेवावं?

हरकाम्या:
मित्राच्या लग्नाआधीची पार्टी लास वेगसला ठरते आहे. सहाजण. चौघं अमेरिकेत नोकरीला, दोघं भारतातून येणार. एका रात्री स्ट्रिप क्लबला जायचं असं बहुमताने पास झालंय आणि सहापैकी एकानेही ही जागा आतून पाहिलेली नाही. यूट्यूबवर बघावं तर निम्म्या फुशारक्या, निम्म्या जाहिराती. म्हणून इथे विचारतो.
दारातून आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत नेमकं काय काय घडतं? माणशी किती धरावेत? कुठे कापले जातो? आणि दोघं दारू पीत नाहीत, एकाला मुळात यायचंच नाही, त्यांचं काय करायचं?
संस्कृती बुडाल्याचे प्रतिसाद गृहीत धरले आहेत, टंकायचे कष्ट नकोत.

अमुकतमुक:
संस्कृती बुडाली.
(टंकायचे कष्ट घेतले.)

काडेपेटी:
चटई टाकून बसलो आहे. येऊ द्या.

वाळवंटातला:
आधी एक घोळ मिटवू. 'स्ट्रिप' म्हणजे हॉटेलं आणि कसिनो असलेला मोठा रस्ता, त्याचा स्ट्रिप क्लबशी नावापुरताच संबंध. बहुतेक मोठे क्लब त्या रस्त्यावर नाहीतच. ते पश्चिमेला, हायवेच्या आसपासच्या गोदामांच्या भागात आहेत. चालत जायचा विचार करू नका.

दुसरं, क्लब दोन जातींचे. टॉपलेस क्लबात (म्हणजे फक्त वरचं अंग उघडं) दारू मिळते, वय २१ पूर्ण लागतं. पूर्ण नग्न नाच असलेल्या क्लबात दारूचा परवाना नसतो, तिथे १८ ला प्रवेश. या नियमाला अपवाद म्हणजे नॉर्थ लास वेगसमधला पालोमिनो. तो १९६९ पासूनचा, त्यामुळे जुना परवाना टिकून दोन्ही एकत्र चालतं. बाकी ठिकाणी कोणी 'आमच्याकडे सगळंच आहे' म्हणालं तर नीट विचारून घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महाग पडणारं: ड्रायव्हर. क्लब ड्रायव्हरला गिऱ्हाईक आणल्याबद्दल दर डोई पैसे देतात. टॅक्सीवाल्यालाही आणि ॲपवरून बोलावलेल्या गाडीवाल्यालाही. ती रक्कम शेवटी तुमच्या प्रवेश फीमधूनच वसूल होते. म्हणून 'तो क्लब आज बंद आहे, मी चांगल्या ठिकाणी नेतो' हे वाक्य ऐकलं की समजायचं, त्या चांगल्या ठिकाणी त्याला जास्त मिळतात. क्लबला स्वतः फोन करा. बऱ्याच क्लबांची स्वतःची गाडी हॉटेलवर फुकट न्यायला येते आणि तसं गेलं की प्रवेश फीही कमी होते. फोनवरच विचारायचं: सहाजण, तुमच्या गाडीने आलो तर एकूण किती, आणि आत किमान किती पेयं घ्यावी लागतील?

रातकिडा:
+१. आणि रस्त्यावर 'फुकट एन्ट्री'चे पास वाटणारे भेटतील. पास खरा असतो. फुकट फक्त दार असतं.

हिशेबनीस:
पैशांचं मी लिहितो. स्ट्रिप क्लब म्हणजे वेळ विकणारं दुकान आणि त्याचं माप म्हणजे गाणं. एक गाणं साधारण तीन ते चार मिनिटांचं. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे सगळे दर आपोआप उलगडतात.

आत गेल्यावरचा क्रम असा. दारात झडती आणि ओळखपत्र. मग गल्ला, तिथे प्रवेश फी. बाहेरगावच्या पुरुषाला साधारण ३० ते ५० डॉलर धरा, शनिवारी रात्री जास्त. मग एक होस्ट येऊन टेबल दाखवतो. इथे पहिला खड्डा आहे. मऊ सोफा, स्टेजच्या समोर, 'राखीव' ची पाटी काढून तुम्हाला बसवलं तर ते बहुतेक बाटलीचं टेबल असतं. तिथे बसलं की काही शे डॉलरची बाटली, वर कर, वर सेवा आकार. बसायच्या आधी एकच प्रश्न: या टेबलाला किमान खर्चाची अट आहे का?

मिनिटाभरात वेट्रेस येते. दोन पेयांची सक्ती बऱ्याच ठिकाणी असते. इथेच पिणाऱ्या आणि न पिणाऱ्यांचा प्रश्न निकालात निघतो, कारण सोड्याच्या ग्लासाला आणि व्हिस्कीच्या ग्लासाला जवळजवळ सारखेच पैसे पडतात. न पिणाऱ्याला कोणी हसत नाही, सूटही देत नाही. प्रत्येक फेरीचे पैसे रोख देऊन मोकळं व्हायचं. कार्ड गल्ल्यावर ठेवून खातं उघडायचं नाही.

आता नाचाचे पैसे. स्टेजजवळ जी खुर्च्यांची ओळ असते तिथे बसलात तर दर गाण्याला माणशी निदान एक-दोन डॉलर ठेवायचे, कोणी विशेष आवडलं तर जास्त. पैसे ठेवायचे नसतील तर ती खुर्ची सोडून मागच्या टेबलावर बसा, तिथे कोणी काही म्हणत नाही. पुढे बसून हाताची घडी घालणं म्हणजे बुफेच्या रांगेत ताट न घेता उभं राहणं.

खासगी नाच, म्हणजे तुमच्या मांडीवर बसून केलेला लॅप डान्स, गाण्यावर मोजतात. २० डॉलर हा जुना दर. आता बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. दुसरा खड्डा इथे: गाणं संपलं, तुम्ही गप्प, दुसरं सुरू झालं, ती नाचत राहिली. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ 'चालू दे' असा धरला जातो. पाचव्या गाण्याला हिशोब मागितला की चेहरा बघण्यासारखा होतो. पहिल्या गाण्याच्या आधीच सांगायचं, 'एकच' किंवा 'दोनच'. आणि मोजायचं आपण. डीजे गाणी कापून लहान करतात, एकात दुसरं मिसळतात, त्यामुळे नुसत्या अंदाजावर राहू नका.

काडेपेटी:
@हिशेबनीस, बुफेची उपमा भारी! पण एकच्या नोटा आणायच्या कुठून? हॉटेलच्या एटीएममधून वीसच येतात.

हिशेबनीस:
बँकेत. एक डॉलरच्या १०० नोटांची बांधलेली गड्डी सरळ मागायची. नाहीतर क्लबच्या बारवर सुटे मिळतात, तिथे सुटे देणाऱ्यालाही एखादा डॉलर ठेवतात. काही क्लब सुटे म्हणून मुद्दाम दोन डॉलरच्या नोटा देतात. नोट एकच दिल्यासारखी वाटते, जातात दोन. क्लबमधलं एटीएम मात्र टाळा, त्याची फी बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

मावळतीकर:
दोनची नोट! असला गणिती डोक्याचा मालक आपल्या सोसायटीचा खजिनदार हवा होता.

सदाफुली_नाही:
कपड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून. बिनबाह्यांचे बनियन, हाफ पँट, सपाता, ट्रॅक पँट, यावर दारातूनच परत पाठवतात. जीन्स आणि कॉलरचा शर्ट पुरतो. पातळ ट्रॅक पँट का चालत नाही हे ज्याला कळलं त्याला कळलं. खिशात किल्ल्या, पेन, मोठं बकल असलं काही ठेवू नका, समोरच्या बाईच्या कातडीला ओरखडे उठतात. पांढरा शर्टही नको. जांभळ्या दिव्याखाली तो ट्यूबलाइटसारखा उजळतो, वर मेकअपचा डाग धुऊन जात नाही. काळ्यावर धाग्यांचा कचरा चमकतो. करडा किंवा निळा बरा.

फोन खिशातच. आत फोटो, व्हिडिओ कडक बंद. वेळ बघायला फोन काढून उंच धरलात तरी सुरक्षारक्षक येऊन उभा राहतो, फोटो निघाला असेल तर पुसायला लावतात आणि बाहेर काढतात. फी परत मिळत नाही.

वाळवंटातला:
ओळखपत्र राहिलं. भारतातून येणाऱ्या दोघांनी मूळ पासपोर्ट न्यायचा, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. बाकीच्यांना अमेरिकेतलं कुठल्याही राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स चालेल.

निळी_शाई:
आता जरा गंभीर. वेगसमध्ये वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे हा समज आपल्या मंडळींमध्ये घट्ट आहे. चूक आहे. नेवाडा राज्यात परवानाधारक कुंटणखाने काही ग्रामीण काउंट्यांमध्येच (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आहेत. सात लाखांवर लोकवस्ती असलेल्या काउंटीला असा परवाना देताच येत नाही. वेगस ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथे वीस लाखांवर लोक राहतात. म्हणजे तिथे पैसे देऊन शरीरसंबंधाचं नुसतं बोलणं करणं हाही गुन्हा. आणि समोरची व्यक्ती साध्या वेशातली पोलीस असू शकते.

नागरिकाला दंड भरून सुटता येईल. व्हिसावर असलेल्याला अटकेची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात उत्तर म्हणून लिहावी लागते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात वेश्याव्यवसायाशी संबंधित गोष्टींसाठी प्रवेश नाकारण्याचं वेगळं कलमच आहे. तेव्हा सहाजणांपैकी कोणी तिसऱ्या पेगनंतर 'हॉटेलवर येतेस का' विचारणार असेल तर त्याला दुसरा पेगच देऊ नका.

अमुकतमुक:
मग हे सगळं करून मिळतं काय? तीनशे डॉलर घालवून हात बांधून बसायचं?

रातकिडा:
शब्दशः. हात बाजूला, खुर्चीच्या दांडीवर. ती स्वतः तुमचा हात धरून कुठे ठेवेल तेवढंच. नियम शहरानुसार, क्लबनुसार आणि तिच्या मर्जीनुसार बदलतात, पण सुरुवात 'हात लावायचा नाही' इथूनच करायची. एकदा हात झटकला गेला की विषय संपला. दुसऱ्यांदा बाउन्सर झटकतो.

मोरपीस७:
मला हा धागाच खटकतोय. बाजारात वस्तू घेताना काय काळजी घ्यावी तशी चर्चा चालली आहे. तिथल्या मुली काय आनंदाने येतात का?

निळी_शाई:
@मोरपीस७, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एका वाक्यात बसणारं नाही. पैशांची रचना बघा. बहुतेक क्लबात नाचणारी पगारी नोकर धरली जात नाही. उलट तीच क्लबला त्या रात्रीची जागेची फी देते. वर डीजे, बाउन्सर, कपडेपटातली मदतनीस यांना तिच्या कमाईतून वाटा. रात्र मंद गेली तर ती घरी तोट्यात जाते. याच मुद्द्यावर २०१४ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगसमधल्या नर्तिकांच्या बाजूने निकाल दिला, की राज्याच्या किमान वेतन कायद्यापुरत्या त्या नोकरच आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या लस्टी लेडीमध्ये १९९७ लाच युनियन झाली होती, पुढे कामगारांनी तो क्लब सहकारी तत्त्वावर चालवला आणि २०१३ मध्ये तो बंद झाला. लॉस एंजेलिसच्या स्टार गार्डनमधल्या नर्तिकांनी २०२३ मध्ये रंगभूमी कलाकारांच्या युनियनमध्ये प्रवेश मिळवला. म्हणजे बिचाऱ्याही नाहीत आणि मजेतही नाहीत. काम करणाऱ्या बायका आहेत आणि करार वाईट आहे.

जाणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: तुमच्या टेबलावर गप्पा मारत घालवलेली तिची वीस मिनिटं बिनपगारी असतात. नाच घ्यायचा नसेल तर एका गाण्याच्या आत तसं सांगा. 'नको, धन्यवाद' याचा तिला राग येत नाही. 'बघू नंतर' याचा येतो, कारण ती दर दहा मिनिटांनी परत येऊन विचारणार.

मोरपीस७:
करार वाईट आहे हे मान्य करून तिथेच जायचं, हे मला तरी जमणार नाही. पण माहितीबद्दल धन्यवाद, ही बाजू ठाऊक नव्हती.

सदाफुली_नाही:
त्याला जोडून: खरं नाव काय, घर कुठे, घरी माहीत आहे का, 'तुझ्यासारखी मुलगी इथे काय करते', हे चार प्रश्न विचारायचे नाहीत. चौथा तर प्रत्येकाला आपलाच शोध वाटतो.

तालीमबाज:
अवांतर, पण राहवत नाही. स्टेजवरच्या खांबावर नर्तिका करतात त्या कसरतीकडे कोणी नीट बघतं का? स्टीलचा किंवा पितळेचा खांब, जाडी साधारण ४५ ते ५० मिलिमीटर, आणि पकड फक्त कातडीची. कापड घसरतं, म्हणून मांड्या, पोटऱ्या, बगला उघड्या ठेवाव्याच लागतात. अंगाला मॉइश्चरायझर लावलेलं असलं तर संपलंच, म्हणून दोन नाचांच्या मध्ये खांब स्पिरिटने पुसतात. काही खांब स्वतःभोवती फिरतात, काही घट्ट असतात. फिरत्यावर वेग आवरणं अवघड, घट्टवर गिरकी स्वतःच्या ताकदीने काढावी लागते.

मल्लखांबाचं याच्या उलट. सागाचा किंवा शिसवाचा खांब, वर निमुळता, आणि त्याला एरंडेल चोळायचं. तिथेही उघड्या अंगाचीच पकड. क्लबातली नर्तिका उलटी लटकते आणि दोन्ही हात सोडते तेव्हा मांड्यांची जी पकड असते तिला आपण अढी म्हणतो. सहा इंची टाचांचे बूट घालून अढी मारणं हे काम येरागबाळ्याचं नोहे. अशा वेळी पाचची नोट ठेवा, एकची नाही.

मावळतीकर:
दंडवत. स्ट्रिप क्लबच्या धाग्यावर अढी आणि एरंडेल. आता कोणीतरी मल्लखांबाचे गुरू बाळंभट्टदादा देवधरांचं नाव घ्या म्हणजे पेशवाईपर्यंत पोचलो.

तालीमबाज:
तुम्हीच घेतलंत की.

काडेपेटी:
जाता जाता, नोटा उधळायला परवानगी असते का? चित्रपटात दाखवतात तसं?

निळी_शाई:
वेगसमध्ये उधळतात, मग एक माणूस झाडू आणि बादली घेऊन येतो आणि त्या गोळा करतो. तोंडावर मात्र फेकायच्या नाहीत, तो अपमान समजतात. चुरगाळून बोळा करून फेकणं त्याहून वाईट.
गंमत म्हणजे आपल्याकडे नेमकं उलट आहे. महाराष्ट्रात २००५ ला डान्स बारवर बंदी आली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, मग २०१६ चा नवा कायदा आला आणि १७ जानेवारी २०१९ च्या निकालात त्यातल्या बऱ्याच अटी उडाल्या. पण नोटा उधळण्यावरची बंदी न्यायालयाने कायम ठेवली. टिप हातात द्यायला हरकत नाही, उधळायची नाही. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळही टिकली. वेगसच्या क्लबात ११.३० ला लोक यायला सुरुवात होते.

हिशेबनीस:
तिसरा आणि सगळ्यात खोल खड्डा सांगायचा राहिला: व्हीआयपी खोली. गाण्यांऐवजी १५, ३० किंवा ६० मिनिटं. इथे तीन वेगळ्या रकमा असतात: नर्तिकेचे पैसे, क्लबचं खोलीभाडं आणि आत घ्यायची सक्तीची पेयं. सांगताना बहुधा एकच सांगतात. म्हणून आत जाण्याआधी होस्ट आणि ती दोघं समोर असताना विचारायचं, 'सगळं मिळून, टिप धरून, किती?' अर्ध्या तासाला काही शे डॉलर सहज जातात. खोलीत जास्त काही 'होतं' ही अफवा असते, आणि ती अफवाच विकली जाते.

कार्डाने दिलंत तर काही क्लब अंगठ्याचा ठसा घेतात, कागदावर सही आणि शेजारी ठसा. उद्या बँकेला 'हा खर्च माझा नाही' म्हणायची सोय राहू नये म्हणून. काही ठिकाणी कार्डावर क्लबच्या स्वतःच्या नोटा देतात, त्यावर अधिभार लागतो आणि उरलेल्या परत घेत नाहीत. त्यामुळे ठरवलेली रोख खिशात, कार्डं हॉटेलच्या तिजोरीत, ओळखपत्र तेवढं बरोबर.

अमुकतमुक:
कार्डाच्या बिलावर क्लबचं नाव येतं का हो? मित्रासाठी विचारतोय. हलके घ्या.

हिशेबनीस:
बऱ्याचदा मालक कंपनीचं साधंसं नाव येतं. पण घरी कोणी ते नाव शोधून बघणार नाही अशी मित्राची खात्री असेल तर मित्र भाबडा आहे.

उंटावरचा:
मी ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या बाजूने एक भर घालतो. वरचे सगळे नियम वेगसचे आहेत. राज्य बदललं की बदलतात. ओरेगन राज्याच्या घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम इतकं रुंद आहे की तिथे पूर्ण नग्न नाच आणि दारू एकाच छताखाली चालतात. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात क्लबात दारूच मिळत नसे, २०२४ च्या कायद्याने वाट मोकळी केली आणि त्याच कायद्यात नर्तिकांच्या सुरक्षेच्या अटीही घातल्या. तेव्हा एका शहराची अक्कल दुसऱ्या शहरात चालवू नका.

हरकाम्या:
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. मी असा हिशोब मांडलाय, माणशी: प्रवेश ५०, दोन पेयं टिप धरून ५०, स्टेजसाठी एकच्या नोटा ४०, दोन खासगी नाच १००, गाडीवाल्याला १०. एकूण २५०. बरोबर?

हिशेबनीस:
नवरदेवाचे कोण देणार?

हरकाम्या:
अरे हो. त्याचे २५० उरलेल्यांवर. एकजण येत नाही म्हणजे आत पाच, देणारे चार. माणशी आणखी साडेबासष्ट. ३१२.५०.

हिशेबनीस:
३२० धरा आणि वर एक पैसा नाही. गड्डी संपली की उठायचं, एटीएमकडे बघायचंही नाही. आणि सगळे पैसे एकाकडे देऊ नका. ज्याच्याकडे पैसे असतात त्यालाच सगळ्या घेरतात.

रातकिडा:
नवरदेवाबद्दल एक. बॅचलर पार्टी आहे कळलं की त्याला स्टेजवर बोलावतात. खुर्चीत बसवतात, त्याच्याच पट्ट्याने फटके मारतात, शर्ट काढतात, सगळा क्लब हसतो. याचे वेगळे पैसे मित्रांकडून घेतात. फटके खरे असतात, दुसऱ्या दिवशी वळ दिसतात. त्याला आधी विचारा. लग्न दहा दिवसांवर असेल आणि हळदीला उघड्या पाठीने बसायचं असेल तर नकोच.

मावळतीकर:
हळदीखाली वळ झाकले जातात.

सदाफुली_नाही:
हळद लावणाऱ्या आत्याला विचारा झाकले जातात का.

वाळवंटातला:
न येणाऱ्याबद्दल: त्याला हॉटेलवरच राहू द्या, गळ घालू नका. नाराजीने आलेला माणूस दोन तास फोनमध्ये डोकं घालून बसतो, आणि फोन काढायचा नाही हे वर आलंच आहे. त्याच्याकडे सगळ्यांची कार्डं सोपवा. परतायला क्लबची गाडी मिळेलच असं नाही, पहाटे ॲपवरून त्यानेच गाडी बुक करून द्यायची.

हरकाम्या:
हे बेस्ट. तो खूश होईल, त्याला तसंही सगळ्यांवर लक्ष ठेवायला आवडतं. शेवटचा प्रश्न: चमकीचं काय? ऐकलंय की अंगाला लागते आणि आठवडाभर जात नाही.

सदाफुली_नाही:
कपडे झटकू नका, खोलीभर पसरते. रुंद चिकटपट्टी उलटी करून हातावर गुंडाळा आणि टिपत जा. अंगावरची पाण्याने हलत नाही. आधी तेल चोळून पुसा, मग साबण.

तालीमबाज:
एरंडेल.